रुताबाईंना गोबरगॅस दाखवायला नेलं

माझ्या हातात पेटलेला कंदील होता आणि मी तो दोरीने खाली सोडणार होते. खाली म्हणजे गोबरगॅसच्या खड्ड्यात. दोन पुरुष खोल बांधीव खड्डा, वरची लोखंडी टाकी काढून बाजूला ठेवलेली. तळाला माझा धाकटा भाऊ सोपान पडला होता आणि त्याच्या अंगावर आडवा आमचा ड्रायव्हर अन्वर. दोघांपैकी कोणीच हलत नव्हतं.

रुताबाई छावणीच्या त्या टोकाकडून पळत आल्या आणि माझ्या मनगटावर असा फटका मारला की कंदील लांब मातीत जाऊन पडला. काच फुटली. त्यांनी बुटाने त्याच्यावर माती लोटली आणि त्या मातीवर उभ्या राहिल्या. त्यांच्या भाषेत त्या मोठमोठ्याने काहीतरी सांगत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही. त्यांचं बोलणं मला समजावून सांगणारा माणूस खड्ड्यात होता.

हे आष्टीला घडलं, चौथ्या दिवशी सकाळी. गावात मला सगळे तेवढंच विचारतात. पण मी चार दिवस प्रवासाला गेले होते आणि आधीचे तीन दिवसही झाले होते. ते सांगितल्याशिवाय चौथा कळायचा नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आठवतं तसं लिहिते.

नांदूरघाट

आमची वस्ती नांदूरघाटापासून चालत पाऊण तासावर आहे. तिथे आमची बायकांची दूध संस्था आहे आणि मी तिची अध्यक्ष. संस्था काढली तेव्हा सही करता येणाऱ्या आम्ही तिघीच होतो. दोघींचे नवरे नको म्हणाले. माझा तेव्हा वारलेला होता.

रुताबाई लिथुआनिया नावाच्या देशातून आल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, केस कापलेले, पायात पुरुषी बूट. शेणापासून गॅस करण्याच्या कामावर त्या तिकडे इंजिनिअर आहेत. कमी पाण्यात गोबरगॅस कसा चालवता येतो ते त्यांना बघायचं होतं. त्यांना बोलावणाऱ्या साहेबांनी मला फोन केला, की सोबतीला बाईमाणूस पाहिजे, चार दिवस जा. मी म्हणाले, दुष्काळाचं दुसरं वर्ष आहे, जनावरं चारा छावणीला गेलीत. शेण छावणीत आणि गॅसच्या टाक्या इथे. ते म्हणाले, जे असेल ते दाखवा.

वस्तीवर सतरा टाक्या. चालू दोन. त्यातली एक माझी, कारण माझी म्हैस छावणीने परत पाठवली होती. तिने तिथे दोन माणसं पाडली.

गाडी अन्वरची. हा पाटोद्याचा, चाळिशीचा, जाड. सात वर्षं कतारला गॅसच्या कंपनीत कामगारांची बस चालवत होता, तिथे इंग्रजी शिकला. तिथूनच एक पट्टा आणला होता. चार बोटं रुंद चामडं आणि पोटावर तळहाताएवढा पितळी गरुड. बसताना तो गरुड त्याच्या पोटात रुतायचा, पण त्याने पट्टा कधी काढला नाही.

रुताबाईंनी टाकी बघितली, शेगडी बघितली. शेणात जेवढं शेण तेवढं पाणी घालावं लागतं. आम्ही काय करतो, तर टाकीतून गॅस निघालेल्या शेणाची मळी बाहेर पडली की ती फडक्यातून गाळतो आणि तेच पाणी नव्या शेणात कालवतो. पाणी नसलं की माणूस आपोआप असं करायला लागतो. रुताबाईंनी त्यावर वहीची दोन पानं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अर्धी बादली पाणी दिलं आंघोळीला. त्यांनी जपून वापरलं, पण उरलेलं सगळं मोरीतून सोडून दिलं. ते पाणी मला शेणात घालायचं होतं. त्या दिवशी गॅस नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. रुताबाई अन्वरशी बोलल्या.

"मावशी, त्या म्हणतात साबणाचं पाणी टाकीत चालत न्हाई. गॅस करणारे किडे मरतात."

"त्यांना सांग, आमी साबण दिवाळीला लावतो."

अन्वरने सांगितलं. रुताबाईंनी तेही लिहून घेतलं.

निघता निघता सोपानचा फोन आला. सोपानने चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. आता विहिरी कोणी खोदत नाही, बोअरची गाडी येते. म्हणून तो आष्टीला दूध संघाच्या जागेतल्या चारा छावणीवर झाडलोट करत होता. तिथे संघाची मोठी गोबरगॅस टाकी कैक वर्षं बंद पडलेली. शेजारीच खव्याची भट्टी, बायका तिच्यावर काम करायच्या. लाकूड मिळेना म्हणून भट्टीही बंद. आता छावणीत शेणाचे डोंगर, म्हणून संघाने ठरवलं की टाकी चालू करायची.

"आक्का, त्या बाईला इकडं आण," सोपान म्हणाला. "गॅस पेटला की चेअरमन मला टाकीवर कायम करतो म्हनला. म्हातारपनी बसून खाईन."

"बसून खायला टाकी कशाला लागती? तू आताच बसलेला असतोस."

"आण तर खरं."

पाटोदा

पाटोद्याकडे जाताना बालाघाटाचे डोंगर लागतात. त्या वर्षी डोंगर म्हणजे दगड आणि दगडांत उभी सीताफळाची काटकं. पाटोद्याच्या अलीकडे मांजरा ओलांडली. पुलावर पाटी होती म्हणून नदी कळली. रुताबाईंनी विचारलं, पाणी कुठे आहे. अन्वर म्हणाला, "छुट्टी पे." त्यांना ते इंग्रजीत काय सांगितलं माहीत नाही, पण त्या हसल्या नाहीत.

पाटोद्याला आम्ही कमलबाईकडे उतरलो. ही माझ्या नणंदेची जाऊ. तिच्याकडे घुमटाची टाकी होती, एकेकाळी तालुक्यात बघायला माणसं यायची. आता शेण कालवायच्या कुंडीत कोंबड्या बसल्या होत्या.

"हे बंद पडलं का, विचारतात," अन्वर म्हणाला.

"बंद कावून पडंल? चालू हाय की. अंडी देतंय."

कमलबाईकडे सिलिंडर होता, पण रिकामा. नवा कधी येईल ते गाडीवाल्यालाही माहीत नसायचं. ती तुराट्यांवर स्वयंपाक करत होती. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी आणि खलबत्त्यातला ठेचा. रुताबाईंनी ठेचा भाजीसारखा घेतला, घासभर. मी सांगेपर्यंत तोंडात गेला. त्यांची मान लाल झाली, मग कान. पाणी मात्र मागितलं नाही. पाण्याचं काय आहे ते त्यांनी दोन दिवस बघितलं होतं. डोळे पुसले आणि दुसरी भाकरी घेतली. तेव्हापासून मी त्यांना मानायला लागले.

जेवणानंतर कमलबाईने विचारलं, तुमच्या देशात शेणाचं काय अडलंय. श्रीमंत लोक, गॅस विकत घ्या.

रुताबाई बराच वेळ बोलल्या. अन्वरने थोडक्यात सांगितलं. त्यांच्याकडे सहा महिने थंडी. पाणी रस्त्यावर दगडासारखं गोठतं. घरं गॅसवर गरम ठेवावी लागतात, नाहीतर म्हातारी माणसं मरतात. गॅस येतो शेजारच्या मोठ्या देशातून, रशियातून, जमिनीखालच्या एकाच नळाने. भाव तो म्हणेल तो. मध्ये एका दुसऱ्या देशाशी त्याचं बिनसलं, तर त्याने भर थंडीत नळ बंद केला. ते बघून हे लोक शहाणे झाले. आता लाकडाच्या भुश्यावर घरं गरम करतात, शेणाचा गॅस करतात, आणि बंदरात एक मोठं जहाज आणून उभं केलंय. लांबच्या देशांतून गॅस येतो आणि त्या जहाजात उतरतो.

"टँकर," कमलबाई म्हणाली.

"हां, टँकरच की," अन्वर म्हणाला. "समुद्रातला."

"मग त्या रशियावाल्याशी भांडण काय हाय?"

"पहले उनका राज था इनके ऊपर."

"म्हंजे आपल्याकडं निजाम होता तसं."

अन्वरने निजाम कसा समजावला कोण जाणे, पण रुताबाईंनी मान हलवली. मग त्या जे बोलल्या ते अन्वरने मला नीट मराठीत सांगितलं: "त्या म्हणतात, भांडायचं न्हाई कुणाशी. फक्त नळाची चावी त्याच्या हातात नको."

मला हे लगेच कळलं. आमच्या वस्तीला पाणी येतं वरच्या गावावरून. चावी वरच्या गावात, तिथल्या सरपंचाच्या साडूकडे. एका निवडणुकीत आम्ही दुसरीकडे मतं दिली. त्यानंतर पाणी दहा दिवसांनी एकदा यायला लागलं, कारण विचारलं की साडू म्हणायचा, हवा धरली. रशिया कुठे आहे ते मी बघितलेलं नाही. पण तो साडू बघितला आहे.

मी विचारलं, चावीवर कोण माणूस असतो, तुमच्या इथला का त्यांच्या इथला. रुताबाईंनी अन्वरकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, हा प्रश्न आमच्या मंत्र्यांना सुचायला वीस वर्षं लागली. मला वाटतं त्या तोंडदेखलं बोलल्या. पण कमलबाईने ते सगळ्या गल्लीत सांगितलं.

आष्टी

तिसऱ्या दिवशी दुपारी आष्टीला पोचलो. छावणी गावाबाहेर. हिरव्या जाळीच्या सावलीत ओळीने जनावरं, कानांत बिल्ले, पुढ्यात उसाचे वाढे. मागे शेणाचा ढीग, घरापेक्षा उंच. रुताबाई गाडी थांबायच्या आत उतरल्या आणि ढिगाभोवती फिरून आल्या. मुठीत शेण घेऊन दाबलं, वास घेतला. दुष्काळात इतकं खूश झालेलं दुसरं माणूस मी बघितलं नाही.

"आक्का, हाईस का अजून?" सोपान मागून म्हणाला. डोक्याला मुंडासं, अंगात छावणीने दिलेली पिवळी बंडी, त्याच्या मापाची नसलेली.

"तू पोचवायला आल्याशिवाय कशी जाऊ?"

"मला येळ न्हाई. मी आता गॅसवाला हाय."

त्याने आम्हाला टाकी दाखवली. लोखंडी टाकी क्रेन आणून उचलून ठेवली होती. उरला तो गोल खड्डा, हुबेहूब विहिरीसारखा. कडेला आत उतरायची शिडी. तळाला वाळलेल्या मळीचा थर, काळ्या रानासारखा भेगाळलेला. अंडी कुजल्याचा वास येत होता. शेजारच्या बाभळीला सोपानने कंदील टांगून ठेवला होता.

चेअरमनही आले. पांढरे कपडे, मागे चार माणसं. त्यांनी फलक छापून आणला होता. त्याच्यावर रुताबाईंचा फोटो, इंटरनेटवरून काढलेला, आणि परवा सकाळी अकराला गॅस पेटवण्याचा कार्यक्रम. नारळही आणून ठेवला होता. खड्डा अजून साफ व्हायचा होता. साफ झाल्यावर शेण भरायचं, आणि शेण भरल्यावर गॅस धरायला कितीतरी दिवस लागतात. पण आमच्याकडे आधी कार्यक्रम ठरतो आणि मग काम सुरू होतं. चेअरमनचं ठरलं होतं, परवापुरता आडोशाला सिलिंडर ठेवून शेगडी पेटवायची. फोटोत गॅस कुठला ते दिसत नाही. फक्त खड्डा साफ दिसला पाहिजे.

रुताबाई खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसून बघत होत्या. मग उठल्या आणि एकेक बोट मोडत अन्वरला सांगितलं. आठ दिवस उघडा ठेवा. मोठ्या पंख्याने आत हवा मारा. तोवर कोणी उतरायचं नाही. जवळ विस्तव आणायचा नाही.

"पंखा नगरहून मागवलाय," चेअरमन म्हणाले. "येईल दोन दिवसांत. बाईंना सांग, काळजी नको."

सोपान म्हणाला, "आमी विहिरीत कंदील सोडून बघतो. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर न्हाई. चाळीस वर्सांत मला काई झालं न्हाई."

अन्वरने सांगितल्यावर रुताबाईंनी जोरात मान हलवली. "त्या म्हणतात, ही विहीर न्हाई, काका. हा जळणारा गॅस हाय. तुमचा कंदील विझणार न्हाई, खड्डाच पेटंल."

सोपानने थोडा विचार केला. मग बाभळीवरचा कंदील काढून माझ्याकडे दिला. "घे आक्का. कंदील न्हाई म्हनतात बाई."

मी तो घेतला. तिथेच चूक झाली, पण ती मला नंतर कळली. त्याच्या लेखी धोका आणि कंदील एकच होतं. कंदील गेला तसा धोकाही गेला. बाई म्हणाल्या कंदील नको, त्याने कंदील सोडला. बाई म्हणाल्या उतरू नको, ते राहिलं मागे. जाताना चेअरमन त्याला एवढंच म्हणाले, "बघ बाबा, परवाचं," आणि गेले.

रात्री संघाच्या खोलीत भात आणि आष्टीचं ताक मिळालं. ताक चांगलं होतं. आमच्या संस्थेचं इतकं घट्ट नसतं, हे मी कबूल करते.

खड्डा

सकाळी रुताबाई छावणीच्या टोकाला गेल्या. कोणतं जनावर किती शेण टाकतं ते त्यांना तागडीवर तोलून बघायचं होतं. अन्वर गाडी पुसत होता. मी ओट्यावर मिसरी लावत बसले होते. सोपान दोर घेऊन आला.

"बाई यायच्या आत वरचा थर फोडून घेतो," तो म्हणाला. "मग पंखा येवो न येवो."

"त्या नको म्हनल्या ना."

"कंदील नको म्हनल्या. मी कुठं कंदील घेतोय?"

मी मिसरी थुंकून त्याच्या मागे खड्ड्यापाशी गेले. चाळीस वर्षं जो विहिरीतून वर आला त्याला खाली उतरायचं कसं ते मी काय सांगणार. आणि त्याला कायम व्हायचं होतं, ते मला माहीत होतं.

त्याने कमरेला दोर बांधला, विहिरीला बांधतात तसा, अन्वरला हाक मारून दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. पहार घेऊन शिडीने उतरला. खालून म्हणाला, "आक्का, मऊ हाय. लोण्यावानी." त्याने पहार थरात घातली. खालून बुडबुड आवाज आला. दुसऱ्यांदा पहार उचलली ती उचललेलीच राहिली आणि तो गुडघ्यावर बसला, मग कुशीवर झाला. ओरडला नाही, खोकलासुद्धा नाही.

अन्वरने दोर ओढला. मीही ओढला. दोर शिडीच्या खालच्या दांड्यात अडकला होता, येईना. मी अन्वरला म्हणाले, "बघतोस काय, उतर. दोर मोकळा कर."

तो उतरला. त्याने दोर मोकळा केला. मला वरून दिसलं, त्याने दांड्यातून दोर काढून बाजूला सारला. मग वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सोपानच्या अंगावर पडला.

मी कंदील आणला. पिशवीतली काडेपेटी काढली. रुताबाईंचं आदल्या दिवशीचं बोलणं मी ऐकलं होतं, पण त्या वेळी ते हातापर्यंत पोचलं नाही. विहिरीत माणूस पडला की कंदील, एवढंच हाताला ठाऊक. पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे.

मातीवर उभ्या राहून रुताबाईंनी माझ्याकडे बघितलं, आपल्या तोंडासमोर दोन्ही हात वरखाली हलवले आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं. हवा. तेव्हा मला उरलेली रीत आठवली. विहिरीत हवा कोंडली की कंदिलाच्या आधी आम्ही लिंबाची फांदी सोडतो. पानांनी भरलेली फांदी दोराला बांधून भराभर वरखाली करायची, आणि वरून पाणी शिंपडायचं. पाण्याबरोबर चांगली हवा खाली जाते. माझ्या बापाची ही रीत, सोपानचीही.

छावणीवरची माणसं जमली होती. दोघे खड्ड्याकडे धावले, रुताबाईंनी एकाला छातीवर हात देऊन मागे ढकललं, दुसऱ्याला मी शिवी दिली. कोणीतरी लिंबाची फांदी तोडून आणली. रुताबाईंनी गाडीवरची ताडपत्री ओढली आणि दोन टोकं एका बाईच्या हातात देऊन पंख्यासारखी मारायला लागल्या. मी टँकरकडे गेले. तो जनावरांच्या पाण्याचा, नुकताच आला होता. टँकरवाला चाकावर बसला होता.

"पाणी सोड."

"चेअरमनला इचारा, आजी. जनावराचं पानी हाय, मोजून द्यावं लागतं."

"माणसं खाली हायत."

"मी कुटं न्हाई म्हनतो? चेअरमनला फोन लावा."

चावी टँकरच्या मागेच असते. ती कोणालाही फिरवता येते. एवढ्या वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं. मी फिरवली. तो उठला, पण हात लावला नाही. बायकांनी पाइप धरला, तोंडावर बोट दाबून फवारा केला आणि खड्ड्याच्या भिंतीवरून सोडला. फांदी वरखाली चालूच.

फवारा धरला होता तोवर मी गळ मागितला. गळ म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी आकडा, त्याला तीन-चार नख्या असतात. छावणीत एक होता. खड्ड्यात उतरायचं नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं, मग उरतो गळच. मी आयुष्यात पुष्कळ बादल्या काढल्या आहेत. पहिल्यांदा नखी अन्वरच्या शर्टात अडकली, शर्ट फाटला. दुसऱ्यांदा पाठीमागे पट्ट्यात बसली. सहा माणसांनी ओढलं. तो पट्टा कतारचा होता आणि तुटला नाही.

मग सोपान. त्याचा दोर अन्वरने मोकळा केला होता, म्हणून तो सरळ वर आला. वजन काहीच नव्हतं त्याचं.

अन्वर वर आल्या आल्या ओकला आणि श्वास घ्यायला लागला. त्याला कुशीवर निजवून एका बाईला धरायला लावलं. सोपान श्वास घेत नव्हता. रुताबाईंनी त्याचं तोंड पुसलं आणि आपलं तोंड लावून हवा भरायला लागल्या. मध्ये थांबून छाती दाबायच्या. मला त्यांनी हात धरून शिकवलं, छाती मी दाबायची. सोपानचं तोंड शेणाने माखलेलं होतं. परक्या देशातली बाई म्हाताऱ्याच्या तोंडाला तोंड लावते हे छावणीतल्या माणसांनी कधी बघितलं नव्हतं. कोणी हसलं नाही. टँकरवाल्याने चावी बंद केली आणि आमची गाडी चालवायला तोच बसला. दवाखान्यापर्यंत मी आणि रुताबाई दाबत आणि फुंकत गेलो.

चेअरमन दवाखान्यात आले होते. त्यांनी मला विचारलं, सोपानला उतरायला कोणी सांगितलं. मी म्हणाले, तुमच्या फलकाने. मग ते डॉक्टरांशी बोलायला गेले.

रुताबाई पुढे दोन दिवस थांबल्या. त्यांनी खड्डा आठ दिवस उघडा ठेवायला लावला, पंखा लावून घेतला आणि कसं साफ करायचं ते भट्टीवरच्या बायकांना दाखवलं, वरून, लांब दांड्याच्या फावड्याने, न उतरता. जाताना त्यांनी मला आपले बूट दिले. मला होत नाहीत. गोठ्यात काम करताना सून घालते. महिन्याने त्या टाकीत गॅस धरला. आता खवा त्याच्यावर होतो आणि टाकीची चावी भट्टीवरच्या बायकांकडे असते. कार्यक्रम झाला नाही. फलक वासरांच्या सावलीला बांधला आहे, रुताबाईंचा चेहरा आतल्या बाजूला.

अन्वर अजून गाडी चालवतो. मागच्या महिन्यात इकडे आला होता. चहा पिताना म्हणाला, "मावशी, तुम्ही उतर म्हनला नसता तर मी उतरलो असतो का?"

मी म्हणाले, "ठाऊक न्हाई."

"मलाबी न्हाई," तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतला.

खड्ड्यात दोघे उतरले होते. त्यांतला अन्वर जगला.